टपावरचे बिऱ्हाड

सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारी वाट जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याने सतराव्या शतकात मुक्कामांसह लिहून ठेवली आहे. बारडोली, व्यारा, नवापूर असे टप्पे घेत ती दौलताबादेकडे वळते. नवापूर आणि दौलताबाद यांच्या मध्ये एक नाव येते : 'पिपेलनार'. साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे हे आपले पिंपळनेर. १६७६ साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात हे नाव उमटले याचे मला आजही नवल वाटते.

त्या काळी लांबचा प्रवास करायचा तर घर बरोबर घेऊनच निघावे लागे. ताव्हेर्नियेने बैलगाड्यांचे वर्णन केले आहे, इथल्या बैलांच्या सुखाच्या चालीचे कौतुक केले आहे, आणि प्रतिष्ठित प्रवाशाने बरोबर वीस-तीस हत्यारबंद माणसे ठेवावीत असेही सांगितले आहे. अकबर बादशहाची गोष्ट तर वेगळीच. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त हिशेब दिला आहे : बादशाही छावणीचा एक संच हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. असे संच दोन असत. बादशहा एका डेऱ्यात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा होत असे.

आज त्याच वाटेने, म्हणजे चरणमाळ घाट चढून किंवा कोंडाईबारीकडून येऊन, एखादी व्हॅन टपावर चपटी पेटी बांधून शेलबारीकडे जाताना दिसते. त्या पेटीत दोन माणसांचा डेरा असतो, गादीसकट. शिडी ओढली की पाच-दहा मिनिटांत तो उभा राहतो. पाचशे उंटांचे काम एका टपावर आले, ही मोठीच करामत म्हणायची. पण हा तंबू निवडताना बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. आधी तंबू पसंत करतात, मग तो गाडीवर बसेल का ते पाहतात. क्रम उलटा हवा.

हा उलटा क्रम आपल्या भागातल्या ठेलारींना कोणी शिकवावा लागला नाही. साक्री तालुक्यात आणि आसपास राहणारे हे मेंढपाळ भटक्या जमातींत मोडतात. दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात त्यांचे वाडे बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मेंढ्या पुढे, मागे घोडी, आणि घोडीच्या पाठीवर अख्खे बिऱ्हाड : भांडी, वाकळा, पालाचे कापड, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी चालू न शकणारे कोकरू, कधी लहान मूल. घोडीला किती झेपेल हे आधी ठरते, बिऱ्हाड त्यानंतर. पाठ दुखावली तर वाडा अडतो, म्हणून ओझे दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके खाली बांधतात. टपावरच्या तंबूचे सगळे शास्त्र या एका घोडीच्या पाठीवर आहे.

दुसरे फिरते बिऱ्हाड ऊसतोडीचे. खानदेशातली आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात तोडीला जातात आणि फडाजवळच्या कोपीत हंगाम काढतात. ती हौस नाही, पोट आहे. तंबूत राहण्याचे सुख ज्यांना विकत घेता येते त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे, आणि कोप्यांच्या वस्तीशेजारी मुक्काम टाकून तिथे कॅमेरे रोखू नयेत.

आता पेटीतल्या तंबूकडे वळू. इटलीत १९५८ साली 'एअर कॅम्पिंग' नावाचा टपावर उघडणारा तंबू बाजारात आला. योगायोग असा की त्याच साली न. के. फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेंपो कंपनी उभी राहिली. टेंपो हे मूळ हॅम्बुर्गच्या जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. मॅटाडोर हेही त्याच कारखान्याच्या गाडीचे. दोन्ही नावे मराठीत इतकी मुरली की ती सामान्य नामे होऊन बसली. टपावरच्या तंबूची सर्वांत हृद्य कथा पूर्व जर्मनीतली आहे. तिथल्या ट्राबान्ट या छोट्या गाडीची कातडी कापसाचा चोथा आणि राळ दाबून केलेली, इंजिन जेमतेम २६ अश्वशक्तीचे. गेरहार्ट म्युलर नावाच्या गृहस्थाने १९७० च्या दशकात या गाडीच्या टपासाठी तंबू तयार केला. एवढ्या हलक्या गाडीवर माणसे झोपू शकतात याचे रहस्य समजले की निवडीचे निम्मे काम झाले, म्हणून तेच आधी पाहू.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती वजन चालेल याचा आकडा असतो. लहान गाड्यांना तो बहुधा ५० किलोच्या आसपास, मोठ्या गाड्यांना ७५ किंवा १०० किलो. माणूस गोंधळतो तो इथेच : तंबू ५५ किलोचा, वर झोपणारे दोघे मिळून १३० किलोचे, अंथरूण १० किलोचे. बेरीज १९५. मग टप खचणार नाही का? नाही खचणार, कारण पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीचा आहे. गाडी उभी असताना वजन टपाच्या कडांवरून खांबांत आणि तिथून चाकांत सरळ उतरते. चालत्या गाडीत तेच वजन झोके खाते. करकचून ब्रेक दाबला तर ६० किलोचा तंबू जवळजवळ ५० किलोच्या जोराने पुढे ओढ घेतो, आणि ती सगळी ओढ चार-सहा बोल्टांवर येते. खड्ड्यात चाक आदळले की आणखी झटका. म्हणून रात्रीच्या १९५ किलोंची धास्ती घेऊ नये. दिवसाच्या ५५ किलोंचा मात्र कडक हिशेब ठेवावा. त्या ५५ मध्ये कॅरिअरच्या आडव्या दांड्यांचे वजन मिळवायचे, आणि त्या दांड्यांची स्वतःची मर्यादाही पाहायची. टपाची मर्यादा ७५ आणि दांड्यांची ६० असेल तर आपल्यासाठी आकडा ६०.

एक हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. व्हॅनचे वजन ९५० किलो आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर धरला, आणि दोन मीटर उंचीवर ६० किलोचा तंबू ठेवला, तर गुरुत्वमध्य ७३ सेंटिमीटरच्या आसपास जातो. आठ सेंटिमीटर म्हणजे चार बोटे. सपाट रस्त्यावर या चार बोटांचे काही वाटत नाही. चरणमाळच्या वळणावर ती जाणवतात. व्हॅन आधीच अरुंद आणि उंच असते. म्हणून टपावर तंबू असेल तेव्हा पाण्याचे डबे, गॅसची टाकी, अवजारे हे सगळे जड सामान व्हॅनच्या तळाशी आणि दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवावे. ठेलारी जसे ओझे खाली आणि दोन्हीकडे सारखे बांधतो, तसे.

आणि वारा. पिंपळनेर परिसरात तंबू निवडणाऱ्याला या गोष्टीवर सर्वांत जास्त विचार करावा लागेल. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे, आणि तो प्रकल्प देशातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत गणला जातो. कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेली ती पाती याच माळावर आली, कारण इथला वारा मोजून पाहिलेला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, तर जोर चौपट. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ६ किलोचा दाब देतो, ताशी ७२ किलोमीटरचा सुमारे २४ किलोचा. उघडलेल्या कापडी तंबूची वाऱ्याकडची बाजू सहज तीन चौरस मीटर भरते. म्हणजे जोराच्या वाऱ्यात ७० किलोंचा धक्का, तोही टपाच्या उंचीवर. व्हॅन उलटत नाही, पण रात्रभर डोलते, कापड फडफडते आणि झोप उडते.

वारा आणि वजन हे दोन्ही मनात ठेवून प्रकार पाहिले की निवड सोपी होते. पहिला प्रकार वहीसारखा उलगडणारा कापडी तंबू. हा स्वस्त, वजनाने ४५ ते ६० किलो, आणि उघडल्यावर जागा भरपूर, कारण त्याचा निम्मा तळ टपाबाहेर शिडीच्या आधारावर तरंगतो. वाऱ्यात मात्र तोच सर्वांत जास्त झुंजतो. दुसरा टणक कवचाचा, पाचरीसारखा एका टोकाने उघडणारा. याचे बुटके टोक वाऱ्याकडे करून गाडी उभी केली की वारा वरून निसटतो. तिसरा टणक कवचाचाच, पण चारही बाजूंनी पेटीसारखा सरळ वर उठणारा. त्यात बसायला उंची सगळीकडे मिळते, पण चारही भिंती वाऱ्यासमोर उभ्या. टणक कवचाचे तंबू ६० ते ९० किलोंपर्यंत जातात. ज्या व्हॅनच्या टपाची मर्यादा ५० आहे तिच्यासाठी ते बाद, कितीही आवडले तरी.

माझे मत स्पष्ट आहे. टपाला झेपत असेल तर आपल्या माळावर पाचरीचा तंबू घ्यावा. झेपत नसेल तर हलका कापडी तंबू घ्यावा आणि मुक्काम पठाराच्या कडेवर न टाकता टेकडीच्या आडोशाला टाकावा. दोन्ही जमत नसेल तर टपाचा नाद सोडून व्हॅनच्या दाराला लावायची कनात घ्यावी. त्यात काहीही कमीपणा नाही. व्हॅनमध्ये मागची बाके काढून दोघांची झोपायची सोय होत असते. चार जणांचे कुटुंब असेल तरच टपावरच्या खोलीची खरी गरज पडते : दोघे खाली, दोघे वर. नवरा-बायको दोघेच फिरणारे असतील तर त्यांनी हा खर्च करण्याआधी एक रात्र व्हॅनमध्येच झोपून पाहावी.

व्हॅनच्या काही अडचणी जीपवाल्यांना नसतात. मारुतीची ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघाली. तिच्या छताला दोन्ही कडांनी पन्हाळी होती, आणि कॅरिअरचे पाय त्या पन्हाळीला कवटाळून बसत. त्यामुळे ओम्नीवर सामान बांधणे सोपे होते, पण ती स्वतः इतकी हलकी की टपावर तंबू चढवताना दहादा विचार करावा. ईको घेतली तर मागचे दार वर उघडते हे आधी आठवावे. वहीसारखा तंबू मागच्या बाजूला उलगडला तर त्याचा तरंगता तळ नेमका त्या दारावर येतो. मग रात्री मागून काही काढायचे म्हटले की सगळा तंबू आडवा येतो. तो बाजूला उलगडावा. सरकत्या दाराला त्याचा अडसर होत नाही, उलट दाराबाहेर सावली पडते, स्वयंपाकाला ओसरी मिळते. ट्रॅव्हलरसारख्या उंच गाडीचा प्रश्न शिडीचा. तंबूबरोबर येणारी शिडी साधारण २.१ ते २.३ मीटरची असते. ईकोला ती पुरते, अडीच मीटर उंचीच्या गाडीला पुरत नाही. तोकडी शिडी उभी लागते, आणि मध्यरात्री झोपेत उतरणाऱ्याचा पाय उभ्या शिडीवरच सटकतो. घरात म्हातारी माणसे किंवा पाच-सहा वर्षांची मुले असतील तर ही एक गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी समजावी.

टपावर झोपण्याचा मोठा फायदा आपल्या मातीत आहे. खानदेशच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. विंचू, फुरसे, घोणस हे या जमिनीचे कायमचे रहिवासी. जमिनीपासून दोन मीटर वर अंथरूण असले की त्यांची भीती जवळजवळ संपते. खुंट्या ठोकायच्या नसल्याने दगडाळ माळावरही तंबू उभा राहतो. बिबट्याच्या बाबतीत मात्र कोणी निर्धास्त राहू नये. जो प्राणी शिकार झाडावर चढवून ठेवतो त्याला व्हॅनचा टप म्हणजे एक उडी. खरकटे आणि मटणाची हाडे मुक्कामाजवळ टाकू नयेत, बरोबर कुत्रा असेल तर तो रात्री बाहेर बांधू नये. आणखी एक : काळ्या मातीवर गाडी उभी करून झोपले आणि रात्री अवकाळी पाऊस आला तर सकाळी चाके निघत नाहीत. मुरमाची जागा शोधावी.

कापडाचे एक गुपित जुने आहे. सुताच्या कापडावर पाणी पडले की धागे फुगतात आणि विणीतली भोके आपोआप मिटतात. राहुट्या, पाले याच गुणावर शतकानुशतके उभी राहिली. सूत आणि पॉलिस्टर यांचे मिश्र कापड हा गुण राखते आणि श्वासही घेऊ देते. निव्वळ पॉलिस्टरवर लेप असतो. ते हलके आणि स्वस्त, पण आतला दमटपणा बाहेर जात नाही. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि घामावाटे पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. दोन माणसांचे दोन पेले. धुळ्याकडे थंडीच्या लाटेत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, आणि अशा रात्री तंबूच्या आतल्या बाजूने दंव साचून टपकू लागते. गादीच्या खालची बाजूही ओली होते. म्हणून दोन समोरासमोरच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात, गादीखाली जाळीदार चटई घालावी. थंडी फार वाटते म्हणून शेगडी किंवा गॅसचा हीटर तंबूत घेऊ नये. कोळशाचा धूर दिसतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. गोधडी वाढवा, शेगडी नको. आणि ओला तंबू मिटावा लागला तर घरी येताच पुन्हा उघडून वाळवावा. पावसाळी हवेत दोन-चार दिवसांतच बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते पुन्हा जात नाहीत.

कायद्याची बाब थोडक्यात. नट-बोल्टांनी बसणारा आणि काढता येणारा तंबू वेगळा. टप कापून वर उचलणारे छप्पर बसवणे वेगळे. दुसरा प्रकार गाडीच्या मूळ रचनेतला बदल ठरतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मनाने करता येत नाही. गॅरेजवाला काहीही म्हणो, आरटीओत विचारल्याशिवाय टपाला करवत लावू नये. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, त्यामुळे अशा प्रवासाकडे शासनाचेही लक्ष आहे.

मुक्कामाच्या जागा म्हणाल तर पिंपळनेर हे त्यासाठी फार सोयीचे ठाणे आहे. गावाजवळ पांझरेवर लाटीपाड्याचे धरण आहे. शेलबारी उतरून बागलाणात शिरले की जुळी शिखरे दिसतात, मांगी आणि तुंगी. तिथे २०१६ साली पूर्ण झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती डोंगरातच कोरलेली आहे. पुढे साल्हेर, १५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. त्याच्या पायथ्याशी १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानातल्या लढाईत हरवले, आणि २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठा किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. उत्तरेला निजामपूरजवळ भामेर, ज्याच्या डोंगरात लेणी आणि किल्ला एकत्र नांदतात. या सगळ्या ठिकाणी गाडी पायथ्याच्या गावात लावावी, ज्याची जमीन आहे त्याला विचारून. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नये. कार्तिक ते माघ हा काळ चांगला. चैत्र-वैशाखात दुपारी पेटीतला तंबू तापून निघतो, आणि मृगानंतर ब्राह्मणवेलची पाती ज्या वाऱ्याने फिरतात तोच वारा तुमच्या टपावर येतो.

दुकानात जाण्याआधी एवढे करा : गाडीची माहितीपुस्तिका काढा, टपावरच्या वजनाचा आकडा शोधा, तो चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवा. दुकानदार रंग दाखवेल, दिवे दाखवेल, आतले कप्पे दाखवेल. तुम्ही आधी त्याला तंबूचे वजन विचारा, दांड्यांसकट. ते चिठ्ठीवरच्या आकड्याहून जास्त असेल तर तो तंबू तुमच्या गाडीचा नाही.